वरच्या दोन तारा

डोंबिवली पूर्व
६ जानेवारी २०२५

नीलाताई, नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मेसेजमध्ये नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. सोबत छापील पानं आणि एक संमतीपत्र आहे. आधी पानं पाहा, सही मग.

गेल्या नोव्हेंबरच्या आधीच्या नोव्हेंबरात आमच्या कार्यक्रमानंतर तुम्ही पिशवीतून वडिलांची वही काढून माझ्या हातात दिलीत. "तुम्ही दोघं कोणाला ठाऊक नसलेलं वाजवता ना, मग हे वाजवा," म्हणालात. सोळा वर्षं आम्ही तेच करतो आहोत. स्वानंद व्हायोलिन, मी पियानो, आणि ज्यांची नावं वाचून लोक कार्यक्रमपत्रिका उलटीसुलटी करतात असे संगीतकार. पण मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात टाइम ऑफिसात कारकुनी करणाऱ्या, कल्याणच्या रेल्वे बँडमध्ये नोटेशन शिकलेल्या विश्राम तळवडेकरांनी १९७१ साली व्हायोलिन आणि पियानोसाठी बावीस मिनिटांची रचना लिहिली असेल, हे आमच्याही कल्पनेपलीकडचं होतं.

रेकॉर्डिंग डिसेंबरात ठाण्याला मितेशच्या स्टुडिओत झालं. ज्या संस्थेने ते हाती घेतलं आहे, ती २३ फेब्रुवारीला ठाण्यातच प्रकाशनाचा कार्यक्रम करते आहे. ऐकलेल्या सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं, विशेषतः व्हायोलिनच्या उड्यांचं. सूर सरळ चालत असतो आणि अचानक वर झेप घेतो. पत्रिकेत मी लिहिलं आहे, 'काळाच्या पुढे असलेला संगीतकार'.

आता जे सांगणं अवघड जातंय ते. पियानोमध्ये मी एकेचाळीस ठिकाणी बदल केले आहेत. तिथे व्हायोलिन आणि पियानो एकमेकांना बोचत होते. वहीत त्याच जागांभोवती कोणीतरी तांबड्या पेन्सिलीने गोल काढलेत, त्यामुळे माझा कान चुकत नाही असं मला वाटलं. व्हायोलिनच्या एकाही सुराला आम्ही हात लावलेला नाही. बदलले ते माझ्या हातातले. पंगतीत आपलं पान थोडं सरकवून शेजारच्याला जागा द्यावी, तसं. छापील पानांवर त्या जागी बारीक फुल्या केल्या आहेत. 'किरकोळ संपादन' असं लिहिलं की झालं, असं संस्थेचं म्हणणं. मला ते लिहवेना.

तुमची
नीरजा


मोहने
११ जानेवारी

नीरजा,

पानं पाहिली. सही करत नाही.

ऐकू येत नसलं तरी मला नोटेशन वाचता येतं. बाबांची पानं मीच उलटायचे. तुमच्या एकेचाळीसही जागा माझ्याकडच्या वहीच्या झेरॉक्सशी ताडून पाहिल्या.

पहिलं म्हणजे ते 'काळाच्या पुढे' काढा. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या उशिरा येण्याच्या नोंदी केल्या. पुढे पळणाऱ्यांचंही त्यांना कौतुक नव्हतं.

तांबडी पेन्सिल कोणाची ते सांगते. बाबा वही घेऊन मुंबईला पाश्चात्त्य संगीताच्या एका मोठ्या शिक्षकांकडे गेले होते. त्यांनी महिनाभर ठेवून घेतली. परत आली ती या गोलांसकट. वर तोंडी निरोप, की व्हायोलिन आणि पियानो एकमेकांना ओळखत नाहीत, तळवडेकरांनी आधी प्राथमिक धडे घ्यावेत. बाबांनी वही मिटली. १९९६ साली गेले तोवर एक ओळ लिहिली नाही. भजनात वाजवायचे तेवढंच. तुम्हीही नेमकं त्याच जागांवर बोट ठेवलंत. त्यांची पेन्सिल तांबडी, तुमची काळी.

पण मला एक समजत नाही. आमच्या कॉलनीच्या क्लबात जुना पियानो होता. मॅनेजरसाहेबांच्या मिसेस आणि बाबा रविवारी सकाळी हेच वाजवायचे. तेव्हा माझे कान शाबूत होते आणि तिथे काहीही बोचत नव्हतं. कॅरम खेळायला आलेली माणसं स्ट्रायकर हातात धरून बसून राहायची.

तुम्ही मोबाइलवर पाठवलेला रेकॉर्डिंगचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. स्वानंदांची बोटं बाबांच्याच जागी पडतात. बसण्यात काय तो फरक. बाबा सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून वाजवायचे. आंबिवलीच्या सहदेवबुवांनी तसंच शिकवलं होतं. बुवा कीर्तनाला साथ करायचे.

बोटं तीच, पियानोचे सूर तेच. मग तेव्हा जुळायचं ते आता का जुळत नाही? हे मला सांगा. सहीचं नंतर बघू.

नीला तळवडेकर


डोंबिवली
१५ जानेवारी

नीलाताई,

'पावलावर टेकवून' एवढं वाचलं आणि पत्र ओट्यावर ठेवून मी पियानोपाशी गेले.

व्हायोलिनला चार तारा. स्वानंद त्या पाश्चात्त्य पद्धतीने लावतो. पण आपल्याकडे मांडी घालून वाजवणारे बरेच जण वरच्या दोन तारा एकेका सुराने खाली उतरवतात. सा-प-सा-प. बुवांनी तुमच्या बाबांना तेच शिकवलं असणार. पुढे ते बँडमध्ये नोटेशन शिकले, आणि कागदावरचा सूर त्यांच्यासाठी 'बोट कुठे ठेवायचं' याची खूण झाला. बोट त्यांनी सांगितलं तिथेच पडतं, पण आमची तार चढलेली असल्याने आवाज एक सूर वर निघतो.

मी वही उघडली. उजव्या हाताने व्हायोलिनची ओळ, वरच्या दोन तारांवर येते तिथे एक सूर उतरवून. डाव्या हाताने तुमच्या बाबांचा पियानो, माझे बदल न करता. एकेचाळीसपैकी एकेचाळीस जागा जुळल्या. ज्या उड्यांवर मी दीड पान लिहिलं त्या मुळात नव्हत्याच. गाणं सरळ चालत येतं आणि सरळ जातं.

माझ्या रोजनिशीत डिसेंबरचं एक वाक्य आहे. 'आज तळवडेकरांच्या चुका इतक्या हळुवारपणे झाकल्या की त्यांनाही कळू नये.' ते मी खोडलेलं नाही. खोडलं तर आणखी एक दुरुस्ती होईल. पण मी स्वतःला विचारते आहे, की त्या एकेचाळीस जागी मी एकदाही 'यांना कदाचित माझ्याहून जास्त कळत असेल' असा विचार का केला नाही? युरोपातल्या कुठल्याशा विस्मृतीत गेलेल्या माणसाची वही असती तर केला असता. तिथे मी पत्रं पाठवली असती, जाणकारांना विचारलं असतं. मोहन्याच्या कारकुनासाठी मला माझा कान पुरेसा वाटला.

पुन्हा रेकॉर्ड करावं लागेल. स्वानंदला सांगितलंय. तो विचार करतो आहे.

नीरजा


ठाणे
१९ जानेवारी

नीरजा,

तू फोन उचलत नाहीस आणि तुझा विश्वास फक्त कागदावर, म्हणून मीही कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर तो तुझा प्रॉब्लेम.

त्या दिवशी तुझ्या घरी मी जास्त बोललो. 'बालवाडीची प्रार्थना' म्हणायला नको होतं. पण अगं, तूच वाजवून दाखवलंस ना? उड्या काढल्यावर त्यात राहतं काय? सोळा वर्षांत पहिल्यांदा लोक आपल्या रेकॉर्डिंगबद्दल आपणहून बोलताहेत, आणि बाईसाहेब, तू म्हणतेस ते फेकून दे.

दुसरं. मी एकही सूर बदललेला नाही. जे लिहिलंय ते वाजवलंय. बदललेस तू. मग शिक्षा माझ्या व्हायोलिनला का? वहीत तारा उतरवा असं कुठे लिहिलंय, दाखव. लिहिलेलं सोडून एका बाईंना बालपणी दिसलेल्या मांडीवर मी तारा सैल करायच्या? उद्या त्या म्हणतील बाबा टोपी घालून वाजवायचे.

संस्थेचाही फोन होता. तारीख बदलणार नाहीत. रेकॉर्डिंग आहे तसं हवंय. बाईंची सही नसेल तर 'पारंपरिक वहीवर आधारित' असं टाकायची त्यांची तयारी आहे. मला ते आवडलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण नाहीही म्हणालो नाही.

तारा उतरवायच्याच असतील तर दुसरा व्हायोलिनवाला बघ.

स्वानंद


मोहने
२५ जानेवारी

नीरजा,

'विचार करतो आहे' म्हणजे नाही म्हणाला. चौतीस वर्षं शाळेत पालकांशी बोलले आहे मी.

आता अहोजाहो सोडते. जे सांगायचंय ते त्यात सांगता येणार नाही.

तुझ्याकडे आहे ती वही बाबांच्या हातची नाही. माझ्या हातची आहे. मुंबईच्या शिक्षकांना द्यायला स्वच्छ प्रत हवी म्हणून त्यांनी मला बसवलं. चौदा वर्षांची होते. अक्षर चांगलं, नोटेशन येत होतं. बाबांची मूळ पानं २००५च्या पुरात गेली, उल्हास नदी आमच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आली होती तेव्हा. म्हणून माझीच प्रत उरली.

मूळ पहिल्या पानावर, सगळ्यात वर, बाबांनी मराठीत लिहिलं होतं, 'वरच्या दोन तारा भजनातल्याप्रमाणे.'

ती ओळ मी गाळली.

विसरले नव्हते. मला लाज वाटली. बाकी सगळं कसं इंग्रजी पुस्तकातल्यासारखं दिसत होतं, आणि वर हे 'भजनातल्याप्रमाणे'. ते मोठे शिक्षक हसतील असं वाटलं. त्यांनी हसू नये म्हणून गाळली, आणि मग ते हसले. बाबांनी प्रत वाचून पाहिली नाही. नीलाने केलीय म्हणजे बरोबरच असणार, म्हणाले. वही परत आली तेव्हाही त्यांना वाटलं आपलंच चुकलं. मला मात्र तेव्हा कळलं नव्हतं, खरंच. ती ओळ मला दागिन्यासारखी वाटायची, कामाची नाही. तुझं पत्र आलं आणि त्रेपन्न वर्षांनी मला समजलं की मी काय गाळलं होतं.

तेव्हा तांबडी पेन्सिल, काळी पेन्सिल हे मी तुला मारलेले टोमणे परत घेते. पहिली दुरुस्ती माझी.

आता माझं ठाम ऐक. त्या संस्थेला कळव, 'पारंपरिक' असं छापलं तर मी वहीची झेरॉक्स घेऊन त्यांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत येऊन बसेन आणि प्रत्येकाला नाव वाचून दाखवेन. ऐकू येत नसल्याने मला गप्प बसवणं अवघड जातं. ती ओळ पहिल्या पानावर मराठीतच छापायची आणि तशीच वाजवायची. नाहीतर वही परत कर. आणखी पन्नास वर्षं कपाटात राहील, पण चुकीची कोणी ऐकणार नाही.

नीलाताई


डोंबिवली
३० जानेवारी

स्वानंद,

सोबत नीलाताईंच्या पत्राची झेरॉक्स आहे. आधी ती वाच.

'कुठे लिहिलंय दाखव' म्हणालास. लिहिलेलं होतं. एका मुलीने गाळलं, कारण आपल्यासारखी माणसं हसतील याची तिला खात्री होती. आणि 'बालवाडीची प्रार्थना' म्हणून आपण हसलोच, रे. मीही त्या दिवशी हसले. ते मला टोचतंय, म्हणून फोन उचलत नव्हते. तुझ्यावर राग होता तो निम्मा माझ्यावरचाच.

संस्थेला मी काल पत्र दिलं. डिसेंबरचं रेकॉर्डिंग मी मागे घेतलं आहे. दोघांपैकी एकाची संमती नसेल तर ते निघू शकत नाही, करारात तसं आहे, आणि ते कलम तूच घालायला लावलं होतंस. त्यांनी कार्यक्रम रद्द केला. यापुढे आपल्याला बोलावणार नाहीत, असंही सभ्य शब्दांत कळवलं. न बोलावोत. मला चव्वेचाळीस वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा कोणाला तरी नाही म्हणून बरं वाटलं.

२३ फेब्रुवारीलाच, रविवारी सकाळी अकरा वाजता, मोहन्यात नीलाताईंच्या शाळेच्या हॉलमध्ये ते वाजवायचं आहे. माझा डिजिटल पियानो टेम्पोने जाईल. मितेश रेकॉर्ड करायला येतो म्हणाला.

दुसरा व्हायोलिनवाला मी बघणार नाही. तुझ्याशिवाय वाजवणार नाही, आणि चुकीचं माहीत असून तेही वाजवणार नाही. तू आला नाहीस तर स्टेजवर जाऊन लोकांना हेच सांगेन आणि पियानोची एकटी बाजू वाजवेन, मध्ये तुझ्या जागा रिकाम्या ठेवून. हे तुला लाजवण्यासाठी नाही. कदाचित थोडं आहे. पण मी ते करेन.

नीरजा


ठाणे
६ फेब्रुवारी

नीरजा,

तारा उतरवल्या. पहिलं पान वाजवलं. वाजवायला भयंकर आहे. तारा सैल, गज घसरतो, आणि लपायला एकही उडी नाही. साधा सूर लांबवर धरायचा, मींड घेत खाली यायचं, आणि तो डळमळला की सगळ्यांना कळणार. बालवाडी म्हणालो ते परत घेतो. बालवाडीत एवढी भीती वाटत नाही.

उड्या मला आवडायच्या. त्यांचं वाईट वाटतंय आणि ते मी लपवणार नाही.

रविवारी प्रॅक्टिसला येतो. पोहे कर. आणि खुर्चीवरच बसेन. मांडीबिंडी नाही, गुडघे माझे आहेत.

स्वानंद


डोंबिवली
२६ फेब्रुवारी

नीलाताई,

निघताना तुम्ही माझ्या हातात चिठ्ठी दिलीत, 'जे मला ऐकू आलं नाही ते लिहून पाठव'. तीन दिवस लिहून फाडते आहे. सुंदर वाक्यं येतात आणि ती खरी वाटत नाहीत. म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

तुम्ही पंखे बंद करायला लावलेत ते बरं झालं. आधी पुठ्ठ्यांनी, पत्रिकांनी वारा घेण्याचा आवाज होता. स्वानंद खुंट्या फिरवायला लागला तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या आजोबांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "बिघडलं काय?" शेजारी म्हणाले, "नाय हो, उतरवतोय. भजनात उतरवतात तशी." नीलाताई, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मुंबईच्या शिक्षकांना जे कळलं नाही, मला चौदा महिने कळलं नाही, ते त्यांना नुसतं पाहून कळलं.

मग सुरू झालं. उतरवलेल्या तारांचा आवाज जाड असतो, घसा बसलेल्या पण गाणाऱ्या माणसासारखा. पियानो त्याच्या खाली उभा राहतो, पुढे पुढे करत नाही. पहिल्या फुलीच्या जागी आलो तेव्हा माझा डावा हात जुन्या सवयीने सरकायला निघाला होता. तो मी दाबून धरला आणि तुमच्या बाबांनी लिहिलेला सूर वाजवला. बोचला नाही. दार लोटावं आणि आत दिवा लावलेला असावा, असं काहीतरी. बघा, पुन्हा सुंदर वाक्य. राहू दे.

दुसऱ्या भागात कोणाचा तरी फोन वाजला. स्वानंद थांबला नाही. एक बाई उठून गेल्या त्या परत आल्या नाहीत. पुष्कळांना कंटाळा आला असावा, आणि ते तुम्हाला सांगायलाच हवं. सगळ्यांना आवडलं असं नाही. पण तिसऱ्या भागात, जिथे व्हायोलिन एकच सूर बारा मात्रा धरून ठेवतं, तिथे पुठ्ठे थांबले. कोणी वारा घेत नव्हतं. तो आवाज बंद झालेला मला ऐकू आला.

ठाण्याच्या संस्थेचे एक गृहस्थ आले होते. नंतर मला म्हणाले, "फारच साधं झालं हो. आधीचं कसं श्रीमंत होतं."

मी म्हटलं, "आधीचं माझं होतं. हे त्यांचं आहे."

स्वानंद मागे तारा पुन्हा चढवत होता. तो न वळता म्हणाला, "आणि साधं वाजवायला या एकदा, मग बोलू." गृहस्थ गेले.

आता कबुली. माझ्या दोन चुका झाल्या. दुसऱ्या भागात करंगळी निसटून एक सूर वाजलाच नाही, आणि शेवटच्या पानावर मी व्हायोलिनच्या किंचित आधी पोचले. बदल नव्हेत, निव्वळ चुका. मितेश म्हणतो, दोन्ही दुरुस्त करता येतील, कोणाला कळणारही नाही. मी त्याला थांबवलंय. पहिल्या पानावर तुमच्या बाबांची ओळ आहे, मराठीत, त्यांच्या नावाखाली. संमतीपत्र पुन्हा पाठवते आहे. तुम्ही म्हणाल तसं करू.

नीरजा


मोहने
३ मार्च

नीरजा,

सही केली आहे.

मी पहिल्या रांगेतून लोकांचे हात बघत होते. पुठ्ठे थांबले ते मलाही दिसलं. बाबांचं काय वाजत होतं ते तेवढ्याने कळलं.

तुझ्या दोन चुका तशाच ठेव. मितेशला सांग, या वहीत दुरुस्त्या पुष्कळ झाल्या. आता कोणी हात लावायचा नाही.

नीलाताई